पावसाळ्यात अलिबागची सहल आणि परतल्यावर येणारा ताप

पावसाळी सहल म्हटली की घरातली मंडळी छत्र्या, रेनकोट आणि सर्दी-खोकल्याच्या गोळ्या गोळा करू लागतात. अलिबागला येणाऱ्या पाहुण्यांबाबत माझा अनुभव थोडा वेगळा आहे. भिजल्यामुळे इथे कोणी फारसे आजारी पडत नाही. ज्या आजारांमुळे माणूस अतिदक्षता विभागात पोहोचतो, ते बरेचदा घरी परतल्यावर आठ-दहा दिवसांनी सुरू होतात. तोवर सहलीचे कपडे धुऊन कपाटात गेलेले असतात. दवाखान्यात "ताप कधीपासून आहे?" एवढेच विचारले जाते. "गेल्या महिन्यात बाहेरगावी गेला होता का?" हा प्रश्न राहून जातो आणि रुग्णालाही ते सांगण्यासारखे वाटत नाही.

म्हणून या लेखात सर्वांत आधी परतल्यावरच्या तापाबद्दल सांगतो. सर्पदंश, समुद्र, धबधबे, आणि मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांनी घ्यायची काळजी हे सगळे त्यानंतर.

एक उदाहरण

ठाण्याचे चाळिशीतले एक गृहस्थ जुलैमध्ये कुटुंबासह नागावच्या एका वाडीत दोन दिवस राहायला आले होते. शेजारच्या खाचरात भाताची लावणी चालू होती. मुलांना शेती दाखवावी म्हणून हेही अनवाणी चिखलात उतरले, तासभर रोपे लावली, हौसेने फोटो काढले. टाचांना भेगा होत्या, त्याकडे लक्ष द्यावे असे कुणाला वाटले नाही. नवव्या दिवशी ठाण्यात हुडहुडी भरून ताप आला. अंग इतके दुखू लागले की जिना उतरवेना. पहिले तीन दिवस 'व्हायरल' म्हणून गेले. चौथ्या दिवशी प्लेटलेट कमी आल्या, तेव्हा डेंग्यू असेल असे वाटले. सहाव्या दिवशी डोळे पिवळे झाले आणि लघवी कमी झाली. त्यांच्या मेहुण्यांनी सहज म्हणून वाडीमालकाला फोन केला, तुमच्याकडे कोणाला काविळीची साथ आहे का? वाडीमालक म्हणाला, "भाऊ चिखलात उतरले होते ना? मग डॉक्टरांना लेप्टोचं विचारा." दोन वेळा डायलिसिस करावे लागले, पण ते पूर्ण बरे झाले.

हे निदान शाळेत कृषिशास्त्र न शिकलेल्या शेतकऱ्याने केले, कारण त्याने आपल्या गावात हा आजार पाहिला होता. शहरातल्या डॉक्टरांची चूक म्हणावी तर तीही पूर्ण नाही. त्यांना चिखलाबद्दल कोणी सांगितलेच नव्हते.

लेप्टोस्पायरोसिस म्हणजे काय?

लेप्टोस्पायरा नावाच्या जिवाणूमुळे होणारा हा आजार आहे. उंदीर आणि घुशींच्या मूत्रपिंडात हे जिवाणू राहतात आणि त्यांच्या लघवीवाटे बाहेर पडतात. उंदराला स्वतःला याचा त्रास होत नाही. गाई-म्हशी, कुत्रे, डुकरे यांच्या लघवीतूनही जिवाणू पसरू शकतात. ओलसर मातीत आणि गोड्या पाण्यात ते कित्येक आठवडे जिवंत राहतात. खाऱ्या पाण्यात फार काळ टिकत नाहीत. त्यामुळे समुद्राच्या लाटेपेक्षा वाडीतले डबके, भातखाचर, तुंबलेले गटार, गोठ्याजवळचा चिखल आणि पुराचे पाणी जास्त धोक्याचे.

शरीरात शिरायला मोठी जखम लागत नाही. टाचेची भेग, नवीन चपलेने लागलेले, काट्याचा ओरखडा, नखाजवळचा चिरा पुरतो. तासन् तास पाण्यात राहून मऊ पडलेल्या कातडीतून आणि डोळे, नाक, तोंड यांच्या आतल्या नाजूक त्वचेतूनही जिवाणू आत जातात. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या कोकणपट्टीत पाऊस, भातशेती आणि उंदीर तिन्ही एकत्र असल्याने हा आजार इथे दर पावसाळ्यात दिसतो. मुंबईकरांनी तो मोठ्या प्रमाणावर पाहिला तो २६ जुलै २००५ नंतर. त्या दिवशी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, लाखो माणसे कमरेएवढ्या पाण्यातून घरी चालत गेली आणि पुढच्या काही आठवड्यांत रुग्णालये लेप्टोच्या रुग्णांनी भरली.

जिवाणू शरीरात शिरल्यापासून ताप येईपर्यंत साधारण ५ ते १४ दिवस जातात. क्वचित दोनच दिवसांत ताप येतो, तर कधी महिनाही लागतो.

तो ओळखायचा कसा?

ताप अचानक आणि थंडी वाजून येतो. डोके खूप दुखते. अंगदुखी सगळ्याच तापांत असते, पण लेप्टोमध्ये पोटऱ्या आणि कंबर विशेष दुखतात. पोटरी नुसती दाबली तरी रुग्ण पाय ओढून घेतो. डोळे लालबुंद होतात, पण डोळे आल्यावर येते तशी चिपडे येत नाहीत. बहुतेक रुग्ण एवढ्यावरच, आठवडाभरात बरे होतात. काहींना मात्र कावीळ होते, लघवी कमी होते, श्वास लागतो, थुंकीतून किंवा अन्यत्र रक्त जाते. हा टप्पा जिवावर बेतू शकतो. फुफ्फुसात रक्तस्राव होणारे रुग्ण तर एका दिवसात खालावतात.

काविळीबाबत एक फरक घरच्यांनीही लक्षात ठेवण्यासारखा आहे. दूषित पाण्यातून होणाऱ्या साध्या काविळीत डोळे पिवळे दिसेपर्यंत ताप बहुधा उतरलेला असतो. ताप आणि कावीळ दोन्ही एकदम असतील, त्यात लघवीही कमी झाली असेल, तर घरी थांबू नका. गावठी काविळीचे औषध घेण्यात दिवस घालवू नका. रक्ततपासणीतही हा फरक दिसतो. साध्या काविळीत एसजीपीटी हजाराच्या घरात जाते. लेप्टोमध्ये ते त्यामानाने थोडेच वाढते आणि क्रिएटिनिन व पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात.

तपासण्यांबाबत दोन गैरसमज वारंवार दिसतात. पहिला, लेप्टोची आयजीएम चाचणी निगेटिव्ह आली म्हणजे लेप्टो नाही. ही चाचणी बहुधा पाचव्या-सहाव्या दिवसानंतर पॉझिटिव्ह येते. दुसऱ्या दिवशी केलेल्या निगेटिव्ह चाचणीवर विसंबून राहता येत नाही. पहिल्या आठवड्यात रक्ताची पीसीआर चाचणी जास्त उपयोगी असते, पण ती सगळीकडे होत नाही. म्हणून संशय बळकट असेल तर डॉक्टर अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करतात आणि ते बरोबर आहे. दुसरा गैरसमज विडालचा. विडाल चाचणी थोडीशी पॉझिटिव्ह आली की टायफॉइड ठरवून मोकळे होण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. एकट्या विडालवरून टायफॉइड ठरत नाही. पावसाळ्यात असे अर्धवट निदान घेऊन लेप्टोचे रुग्ण चार-पाच दिवस वाया घालवतात.

उपचार महाग नाहीत. सौम्य आजारात डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या, तीव्र आजारात शिरेतून पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रियाक्सोन दिले जाते. ही औषधे सरकारी रुग्णालयांतही असतात. पहिल्या तीन-चार दिवसांत सुरू झाली तर फरक मोठा पडतो.

चिखलातून चालल्यावर

मुंबई महापालिका मोठ्या पावसानंतर नागरिकांना एक सूचना देते: साचलेल्या पाण्यातून चालला असाल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक औषध घ्या. सहलीला आलेल्यांनाही हाच नियम लावावा. पाण्यातून एकदाच चालणे झाले आणि पायाला जखम नसेल, तर प्रौढांना बहुधा २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिनचा एकच डोस दिला जातो. जखम असेल किंवा बराच वेळ पाण्यात काढला असेल तर डॉक्टर जास्त दिवस देतात. गरोदर स्त्रिया आणि आठ वर्षांखालील मुलांना डॉक्सिसायक्लिन सहसा देत नाहीत, त्यांच्यासाठी अझिथ्रोमायसिन असते. गोळी पोटभर पाण्याबरोबर घ्यावी आणि घेतल्यावर अर्धा तास आडवे होऊ नये, नाहीतर अन्ननलिका भाजल्यासारखी जळते.

शेतात उतरू नका असे मी सांगणार नाही. मुलांनी भात कुठून येतो ते पाहावे. गुडघ्यापर्यंतचे गमबूट घाला, जखम असेल तर ती जलरोधक पट्टीने झाका, परत आल्यावर साबणाने पाय धुऊन कोरडे करा. लावणी करणाऱ्या बायका अनवाणी असतात म्हणून आपणही अनवाणी, असा हिशेब करू नये. त्यांच्याही पायांना हा आजार होतो, आणि गावात लेप्टोचे जे रुग्ण आम्ही पाहतो त्यांत शेतात राबणारेच जास्त असतात.

इतर ताप

परतल्यावर येणारा प्रत्येक ताप लेप्टो नसतो. डेंग्यूचा ताप डास चावल्यापासून साधारण ४ ते १० दिवसांत येतो. मलेरियाला दहा दिवस ते दोन-तीन आठवडे लागतात. टायफॉइड एक ते तीन आठवड्यांनी येतो. दूषित पाण्यातून होणारी कावीळ तर दोन ते सात आठवड्यांनी, म्हणजे कधी कधी गणपती आटोपल्यावर दिसते. गवतातून, झुडपांतून भटकून आलेल्यांना स्क्रब टायफस होऊ शकतो. डोळ्यांना जेमतेम दिसणारी कीटकाची अळी चावते आणि सहा दिवस ते तीन आठवड्यांनी ताप येतो. चावल्याच्या जागी विडीचा चटका बसावा तसा काळा, न दुखणारा डाग पडतो. तो बहुधा काखेत, जांघेत, कमरपट्ट्याखाली असतो, त्यामुळे रुग्णाला स्वतःला दिसत नाही. ताप उतरत नसेल तर घरच्यांनी एकदा अंग नीट पाहावे. यावरही डॉक्सिसायक्लिनच चालते, साधी अँटिबायोटिके मात्र चालत नाहीत.

निदान होईपर्यंत तापासाठी फक्त पॅरासिटामॉल घ्यावे. अंगदुखी सहन होत नाही म्हणून ब्रुफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन घेऊ नये. डेंग्यूत त्याने रक्तस्रावाचा आणि लेप्टोत मूत्रपिंडाला इजा होण्याचा धोका वाढतो. हृदयासाठी रोजची अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर ती मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

साप चावला तर

पावसात बिळांत पाणी शिरते, साप कोरड्या जागेच्या शोधात घराकडे येतात आणि उंदरांच्या मागे वाडीत फिरतात. रायगडात विषारी सापांपैकी नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार महत्त्वाचे. फुरसे वीतभर-हातभर लांबीचे, मातीच्या रंगाचे, दगडांत दडणारे. लहान आहे म्हणून लोक त्याला हलके घेतात. घोणस आणि फुरशाच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. नाग आणि मण्यारीच्या विषाने स्नायू लुळे पडतात.

मण्यारीबद्दल जास्त लिहितो, कारण तिचा दंश ओळखायला चुकतो. ती रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दात बारीक असतात, खूण जवळजवळ दिसत नाही, दुखतही नाही. माणूस मध्यरात्री किंवा पहाटे पोटात दुखते म्हणून उठतो. रात्रीच्या जेवणावर संशय जातो, ओव्याचे पाणी दिले जाते. मग पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, गिळता येत नाही, शेवटी श्वास थांबतो. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटदुखी आणि पापण्या मिटणे ही दोन लक्षणे दिसली, तर चावल्याची खूण शोधत बसू नका, रुग्णालय गाठा. टाळण्याचा उपाय सोपा आहे. पलंगावर झोपा आणि मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचा. मच्छरदाणीने डासही अडतात आणि मण्यारही.

दंश झाल्यावर माणसाला आडवे करा, चालवू नका. हात-पाय मोडल्यावर फळी बांधतो तशी चावलेल्या भागाला फळी किंवा जाड पुठ्ठा बांधून तो स्थिर ठेवा. अंगठी, घड्याळ, बांगड्या, पैंजण लगेच काढा, सूज आल्यावर निघत नाहीत. करकचून दोरी बांधू नका, कापू नका, चोखू नका, बर्फ लावू नका. साप मारायला किंवा पकडायला जाऊ नका. लांबून फोटो मिळाला तर ठीक, नाही मिळाला तरी उपचार अडत नाहीत, कारण आपल्याकडचे प्रतिविष या चारही सापांवर एकच आहे. मांत्रिक, मुळी, मोहरा यांत गेलेला तास परत मिळत नाही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत आहे. तिला वेळ लागणार असेल तर आपली गाडी काढा.

जायचे कुठे? प्रतिविष सरकारी रुग्णालयांत मोफत मिळते. अलिबाग गावात जिल्हा सामान्य रुग्णालय आहे. जवळच्या लहान खासगी दवाखान्यात आधी जाऊन तिथून पुढे पाठवले जाण्यात वेळ मोडतो, म्हणून निघण्यापूर्वी फोन करून प्रतिविष आहे का ते विचारा. रुग्णालयात गेल्यावर लक्षणे नसली तरी २४ तास देखरेखीखाली राहावे लागते. "काही होत नाही, घरी सोडा" असा आग्रह नातेवाईक धरतात, तो धरू नये. सह्याद्रीच्या रानात हिरवा चापडाही असतो. त्याच्या विषावर हे प्रतिविष चालत नाही, पण सूज आणि रक्त गोठण्याकडे लक्ष ठेवावे लागतेच.

विंचवाबद्दल थोडक्यात. कोकणातला लाल विंचू लहान मुलांना चावला तर प्रकरण हृदयावर जाते. मुलाला दरदरून घाम येतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात, पुढे फुफ्फुसात पाणी भरते. रायगड जिल्ह्यातल्याच महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचे साधे औषध वापरून दाखवले. त्यांचा त्यावरचा लेख १९८६ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला. पूर्वी या दंशाने अनेक मुले दगावत, आता वेळेवर औषध मिळाले तर बहुतेक वाचतात. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एवढे सांगायचे कारण असे की, "विंचू चावला, उतरेल आपोआप" असे म्हणून मुलाला घरी ठेवू नये. प्रौढांना नुसती वेदना असेल तर बहुधा वेदनाशामक पुरते. सकाळी बूट घालण्यापूर्वी झटकण्याची सवय मुलांनाही लावा.

समुद्र आणि धबधबे

कुलाबा किल्ल्यात ओहोटीला पायी जाता येते हे सगळ्यांना ठाऊक असते. पावसाळ्यात ओहोटीलाही वाटेवरचे पाणी पूर्ण ओसरेल याचा भरवसा नसतो आणि भरती बाजूने वेढा घालत येते. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे कालची वेळ आज चालत नाही. किनाऱ्यावरच्या कोळ्याला विचारा. तो नको म्हणाला तर वाद घालू नका.

खांडाळ्याहून सागरगडाकडे जाताना लागणारे धबधबे सुंदर आहेत. पण वर पाऊस पडला की खाली ऊन असतानाही पाण्याचा लोंढा काही मिनिटांत येतो. पाणी अचानक गढूळ झाले, त्यात पालापाचोळा दिसू लागला, की त्याच क्षणी बाहेर पडा. प्रशासनाने बंदी घातलेली असेल तिथे जाऊ नका.

बुडालेल्या माणसाला बाहेर काढल्यावर लोक त्याला उलटे धरतात, पोट दाबतात. यात उलटी फुफ्फुसात जाते आणि वेळ जातो. श्वास नसेल तर आधी तोंडाने पाच श्वास द्या, मग छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाबा. ३० वेळा दाबल्यावर दोन श्वास, असे मदत येईपर्यंत चालू ठेवा. शुद्धीवर आला तरी रुग्णालयात न्या. नाकातोंडात पाणी गेलेल्याला पुढच्या काही तासांत खोकला, धाप, गुंगी येऊ शकते.

जून ते ऑगस्टमध्ये किनाऱ्यावर निळसर फुग्यासारखे जेलीफिश वाहून येतात. मेलेले वाटले तरी त्यांचे धागे डंख मारतात. मुलांना हात लावू देऊ नका. डंख झाल्यास समुद्राच्याच पाण्याने धुवा, धागे चिमट्याने काढा, मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग २० मिनिटे ठेवा. चोळू नका.

जुने आजार असलेल्यांनी

"डॉक्टर, बाबांना माथेरानला नेऊ की अलिबागला?" हा प्रश्न दर पावसाळ्यात येतो. हृदयविकार किंवा दम्याच्या रुग्णासाठी मी बहुधा अलिबाग सांगतो. माथेरान सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. ही उंची हृदयाला त्रास देण्याइतकी नाही, अडचण चालण्याची आहे. दस्तुरी नाक्यापुढे मोटारी जात नाहीत. नेरळहून वर जाणारी छोटी गाडी पावसाळ्यात बंद असते आणि अमन लॉजहून सुटणारी शटल चुकली तर चिखलातून चालण्याची किंवा घोडा करण्याची वेळ येऊ शकते. रात्री छातीत दुखले तर खाली यायला किती वेळ लागेल याचा विचार आधी करावा. अलिबागला गाडी दारापर्यंत जाते. पण इथेही कनकेश्वरच्या सातशेच्या आसपास पायऱ्या आहेत आणि पावसात त्यांवर शेवाळ असते. अँजिओप्लास्टी होऊन थोडेच दिवस झालेल्यांनी, दोन जिने चढताना धाप लागणाऱ्यांनी देवाला खालूनच नमस्कार करावा.

औषधे दोन दिवसांची घेऊन येणाऱ्यांना सांगतो, पाच दिवसांची आणा. पावसाळ्यात गेटवे ते मांडवा ही नेहमीची बोटसेवा बंद असते. भाऊच्या धक्क्याहून येणारी रो-रो बोट हवामान पाहून चालते. अतिवृष्टीत पेणकडचा रस्ताही तुंबतो. रविवारी रात्री घरी पोहोचू असे ठरवलेले लोक मंगळवारी पोहोचल्याची उदाहरणे आहेत. औषधांच्या नावांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. "ती पांढरी छोटी गोळी" यावरून औषध देता येत नाही.

इन्सुलिन वापरणाऱ्यांना वीज जाण्याची चिंता असते. वापरात असलेली कुपी किंवा पेन ३० अंशांखालच्या तापमानात साधारण चार आठवडे चांगले राहते. ओल्या फडक्यात गुंडाळलेले मातीचे भांडे किंवा थर्मास पुरतो. बर्फाला थेट टेकवू नका, गोठलेले इन्सुलिन निकामी होते. मधुमेहींचा खरा प्रश्न पायांचा आहे. पायाला बधिरपणा असलेल्यांना वाळूतला शिंपला लागलेलाही कळत नाही. किनाऱ्यावरही बंद चप्पल घाला आणि रात्री आरशात तळवे पाहा.

दमेकऱ्यांनी खोलीत शिरल्याबरोबर वास घ्यावा. ओल आणि बुरशीचा वास आला तर खोली बदलून मागा, त्यात संकोच करू नका. इन्हेलर बॅगेच्या तळाशी ठेवू नका, खिशात ठेवा.

खाण्याबद्दल

१ जूनपासून सुमारे दोन महिने यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. त्या काळात 'ताजी सुरमई' म्हणून जे मिळते ते बहुधा बर्फातले असते. बर्फातला मासा वाईट नसतो, पण मध्येच बर्फ कमी पडला तर बांगडा, कुपा, सुरमई यांत हिस्टामिन तयार होते आणि ते शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर तासाभरात चेहरा लाल होतो, खाज सुटते, डोके ठणकते. लोक ही माशाची अ‍ॅलर्जी समजून आयुष्यभर मासे सोडतात. यकृताचा जुना आजार असलेल्यांनी कच्ची किंवा अर्धकच्ची कालवे, तिसऱ्या खाऊ नयेत आणि पायाला जखम असताना खाडीच्या पाण्यात उतरू नये. त्यांच्यात समुद्री जिवाणूंचा संसर्ग झपाट्याने रक्तात पसरतो. सोडे, सुकट, सुके बोंबील यांत मीठ भरपूर असते. हृदय कमकुवत असलेल्याने दोन दिवस तेच खाल्ले तर तिसऱ्या दिवशी पाय सुजतात.

पावसाच्या सुरुवातीला शेवळाची भाजी मिळते. ती जाणत्या हाताने, काकड घालून केलेलीच खावी, नाहीतर घसा खवखवतो. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी ती टाळलेली बरी. रानातली अळंबी स्वतः वेचून खाऊ नका.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

घरातले एक जण लेप्टोने आजारी आहे, इतरांना होईल का?
माणसाकडून माणसाला हा आजार सहसा होत नाही. पण सहलीला सगळे एकत्र गेले असतील तर सगळेच त्या चिखलातून चालले असण्याची शक्यता असते. इतरांना ताप आला तर त्याच दिवशी दाखवा.

प्रतिबंधक गोळी घेतली आहे, तरी ताप आला. आता?
गोळीने धोका कमी होतो, पूर्ण जात नाही. तपासणी करावीच लागते आणि गोळी घेतल्याचे डॉक्टरांना सांगावे लागते.

सहलीला जाण्याआधीच गोळी घेऊन ठेवावी का?
दोन दिवस हॉटेलात राहून किनाऱ्यावर फिरणार असाल तर गरज नाही. चिखलात काम करणार असाल, पूरग्रस्त भागात मदतीला जाणार असाल तर आधी डॉक्टरांशी बोला.

गरोदरपणात पावसाळ्यात येऊ का?
मधले तीन महिने आणि गर्भारपण सुरळीत असेल तर हरकत नाही, पण रस्त्यातले खड्डे आणि खवळलेला समुद्र यांचा विचार करा. शेवटच्या दीड महिन्यात येऊ नका. लेप्टो आणि मलेरिया दोन्ही गरोदरपणात आई आणि बाळ दोघांनाही जास्त त्रास देतात, म्हणून परतल्यावर महिनाभरात ताप आला तर पहिल्याच दिवशी आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना कळवा, आणि कुठे राहिलो, पाण्यात उतरलो का, डास चावले का, हे त्यांनी विचारण्याची वाट न पाहता सांगा.